टाळीचा सातबारा

“निदान तिथे लिहिणाऱ्याला पैसे तरी मिळतात.”

हे वाक्य आम्ही प्रथम ऐकले ते आमच्याच एका माजी विद्यार्थ्याच्या तोंडून. पुढे ते निरनिराळ्या लोकांकडून इतक्या वेळा कानावर आले की आता त्याचा समाचार घेणे भाग आहे. आम्ही म्हणजे महाविद्यालयांत मराठी शिकवणारे तिघे. दोघे जळगावचे, एक धुळ्याचा. आणि ‘तिथे’ म्हणजे क्रिप्टो चलनावर उभारलेल्या त्या समाजमाध्यमांत, जिथे लेख लिहिला की वाचकांच्या पसंतीगणिक लेखकाच्या खात्यात चलन जमा होते असे सांगितले जाते.

या वाक्यामागची वेदना खरी आहे, हे आधीच कबूल करून टाकू. मराठीत कविता लिहिणारा माणूस पहिल्या संग्रहासाठी बहुधा स्वतःच प्रकाशकाला पैसे देतो. नियतकालिके मानधनाऐवजी अंक पाठवतात, तोही दोनदा आठवण केल्यावर. अशा माणसाला कोणी सांगितले की जगात एक असे व्यासपीठ आहे जिथे मध्ये संपादक नाही, प्रकाशक नाही, पुण्यामुंबईचे कोणी नाही, आणि वाचकाची दाद थेट पैशात उतरते, तर त्याचे डोळे चमकणारच. आमचेही चमकले होते. आमच्यातील एकाने तर खातेही उघडले होते. कोणी, ते सांगणार नाही.

तेव्हा आमचा आक्षेप पैशाला नाही. तो ‘वाचकाची दाद’ या दोन शब्दांना आहे. तिथे जे पैशात उतरते ती वाचकाची दाद नव्हेच, असे आमचे म्हणणे आहे.

या प्रकारातले आद्य आणि सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे २०१६ साली नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी सुरू केलेले स्टीमिट. व्यवस्था अशी की रोज काही नवे चलन निर्माण होते, त्याचा एक भाग लेखनासाठी राखलेला असतो, आणि तो कोणत्या लेखाला किती जावा हे मतांवरून ठरते. येथवर ठीक. पण हे मत म्हणजे एका माणसाचे एक मत नव्हे. ज्याने जितके चलन आपल्या खात्यात गोठवून ठेवले असेल तितके त्याच्या मताचे वजन. या गोठवलेल्या चलनाला तिथे ‘स्टीम पॉवर’ म्हणतात. नाव निदान प्रामाणिक आहे. आरंभीच्या काळात तर बक्षिसाचा हिशेब वजनाच्या वर्गाने होई. म्हणजे दसपट चलन बाळगणाऱ्याने एकट्याने दिलेले मत शंभरपट भरे. जून २०१७ मध्ये तो वर्ग काढून सरळ प्रमाण आणले गेले. ही सुधारणा होती यात वाद नाही. शंभरपट अन्यायाच्या जागी दसपट आला.

तिथल्या रहिवाशांनी आपल्या समाजाच्या पायऱ्यांना नावेही दिली. सर्वांत मोठे खातेदार ते ‘देवमासे’, त्यांच्या खाली ‘ऑर्का’, मग ‘डॉल्फिन’, मग ‘मिनो’ म्हणजे बारकी मासळी, आणि तळाला ‘प्लँक्टन’. ही नावे तिथे कौतुकाने घेतली जात. आपल्या परंपरेत ‘मात्स्यन्याय’ हा शब्द राजा नसलेल्या राज्यातील अराजकासाठी वापरला गेला. इथे तोच मानाची उतरंड म्हणून आला, आणि ‘आज मी मिनो झालो’ असे आनंदाने लिहिणारी माणसे निघाली, याचे आम्हाला अजून नवल वाटते.

हे सारे डोळ्यांसमोर यावे म्हणून अमळनेरचे उदाहरण घेऊ. १९४५ साली या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या लोकांनी तेव्हा तिचे शेअर घेतले, काहींनी ते विकले नाहीत, बोनसवर बोनस येत गेले आणि चार कागद पेटीत ठेवणाऱ्यांचे नातू कोट्यधीश झाले. ही कथा खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. याच अमळनेरात फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. आता अशी कल्पना करा की संमेलनाच्या मांडवात सातपुड्याकडची एक मुलगी कविता वाचते आहे. दोन हजार माणसे टाळ्या वाजवतात. मग एक शेटजी पुढच्या रांगेतून, मोबाइलवरची नजर न काढता, तिच्या नंतरच्या कवीसाठी एकच टाळी वाजवतात. निवेदक जाहीर करतो की शेटजींच्या पेटीतील शेअर लक्षात घेता त्या एका टाळीचे वजन मागच्या दोन हजारांहून अधिक भरले, सबब आजचा श्रेष्ठ कवी हा दुसरा.

शेटजींचा यात काही दोष नाही. शेअर राखून ठेवायला धीर लागतो, दूरदृष्टीही लागते. पण ती दृष्टी कवितेची नव्हे, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे. अमळनेरात असे काही घडले नाही. विप्रोच्या शेअरांनी तिथे पुष्कळ काही बदलले असेल. कवी कोण हे ठरवण्याचा हक्क मात्र त्या कागदांवर छापलेला नव्हता. स्टीमिटने तो छापला.

यावर आमच्या एका मित्राने तमाशातल्या दौलतजादाची आठवण करून दिली. तिथेही पैसेवाल्याचेच नाव पुकारले जाते, तिथेही नोट वर धरणाऱ्याकडे पाहून लावणीवाली हसते. मग हे नवीन काय? आक्षेप चांगला आहे, आणि त्यामुळेच आम्हाला आमचे म्हणणे नीट सापडले. दौलतजादा करणाऱ्याच्या खिशातून पैसे जातात. तो रसिक असो वा नसो, त्याची दाद त्याला महाग पडते, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला तोंड द्यावे लागते ते निराळेच. स्टीमिटवर दाद देणाऱ्याचा एक पैसाही जात नाही. बक्षिसाचे चलन नव्याने छापले जाते. त्याचा भार सर्व धारकांच्या चलनाची किंमत पातळ होऊन सर्वांवर पडतो. उलट दाद देणाऱ्यालाच त्या बक्षिसाचा हिस्सा परत मिळतो. आधी हा हिस्सा पाव होता, ऑगस्ट २०१९ पासून निम्मा झाला. दाद देणे हा तिथे खर्च नाही, ती कमाई आहे. ज्याच्याकडे भांडवल अधिक त्याची दाद अधिक, आणि दाद अधिक म्हणून भांडवलात भर अधिक. यालाच आपण साध्या मराठीत व्याज म्हणतो. सावकार कर्जदाराची कविता वाचत बसत नाही.

पुढचे सारे यातूनच निघाले. मत हीच मिळकत आहे, तर ती पडीक का ठेवायची? शेत बटाईने द्यावे तशी देवमाशांनी आपली मतशक्ती भाड्याने दिली. ती घेणारे यंत्रचालित हस्तक निघाले. लेखकाने त्यांना ठरलेली रक्कम पाठवायची, हस्तकाने डोळे मिटून (त्याला डोळे नव्हतेच) त्याच्या लेखावर वजनदार मत टाकायचे. अशा मतांवर चढलेले लेख पहिल्या पानावर झळकत. २०१७ ते २०१९ या काळात हा धंदा इतका वाढला की ‘लोकप्रिय’ म्हणून जे दिसे ते विकत घेतलेले आहे हे तिथे कोणी लपवीतही नसे. म्हणजे पाहा, कवितासंग्रहासाठी प्रकाशकाला पैसे द्यावे लागतात म्हणून त्रासून जो कवी तिथे गेला, त्याने तिथे जाऊन यंत्राला पैसे दिले. प्रकाशक निदान प्रूफे तरी पाहतो. सगळेच पाहतात असे नाही.

आणि मुदत? लेख प्रसिद्ध झाल्यापासून सात दिवसांत जी मते पडतील तेवढ्यांचाच मोबदला. आठव्या दिवशी कोणी तो वाचून रडला, हसला, त्याचे आयुष्य बदलले, तरी हिशेब बंद. आमच्या जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. त्यांची गाणी १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, पुस्तकरूपाने आली. त्या स्वतः लिहू-वाचू शकत नव्हत्या. गाणी जगली ती ऐकणाऱ्यांनी कागदावर उतरून ठेवली म्हणून. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. सात दिवसांच्या हिशेबात ही बाई प्लँक्टनमध्येही मोजली गेली नसती. कोणी म्हणेल, हे भावनिक झाले. असेल. पण साहित्याची किंमत ठरायला लागणारा काळ हा त्या किमतीचाच एक घटक असतो, हे वर्गात शिकवण्याचा आम्हाला पगार मिळतो, तेव्हा इथेही सांगितलेच पाहिजे.

प्रतिष्ठेचा आकडाही तिथे होता, नव्या खात्याला पंचवीसपासून सुरू होणारा. तो वर जाई मतांच्या वजनानेच. शिवाय उलटे मतही होते. एखाद्या देवमाशाने ते दिले की मिळालेले बक्षीस पुसले जाई आणि लेख झाकला जाई. कारण देण्याचे बंधन नव्हते. आमच्याकडे टीकाकार निदान चार पाने लिहून शत्रुत्व करतात.

आता २०२० सालच्या त्या प्रकरणाकडे वळू, कारण ‘इथे कोणी मालक नाही’ या दाव्याची परीक्षा तिथे झाली. स्टीमची सामायिक खातेवही चालवणारे वीस मुख्य ‘साक्षीदार’ असतात. तेही चलनाच्या वजनाने निवडले जातात. प्रत्येक खात्याला तीस उमेदवारांना मत देता येते, आणि प्रत्येकाला आपले पूर्ण वजन देता येते. सहकारी निवडणुका पाहिलेल्या खानदेशी माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको: ज्याच्याकडे सर्वांत मोठे वजन, त्याचे अख्खे पॅनल निवडून येणार, विरोधकाचा एकही नाही. संस्थापक कंपनीकडे आरंभीच, फारसा कोणाला सुगावा लागण्याआधी, खणून ठेवलेल्या चलनाचा मोठा साठा होता. तो मतदानात वापरणार नाही, असे आश्वासन होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ती कंपनी ट्रॉन या दुसऱ्या क्रिप्टो चलनाच्या जस्टिन सन यांनी विकत घेतली. साक्षीदार घाबरले आणि त्यांनी तो साठा गोठवला. मार्चच्या दुसऱ्याच दिवशी बिनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या चलनबाजारांनी आपल्याकडे ठेवलेले ग्राहकांचे स्टीम मतदानात ओतले. जुने साक्षीदार पडले, नवे बसले. ज्यांची ठेव होती त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि एकदा मतदानासाठी गुंतवलेले चलन पुरते बाहेर काढायला तेरा आठवडे लागत. बिनान्स व हुओबी यांनी पुढे माघार घेतली. तोवर जे दिसायचे ते दिसले होते.

आमच्याकडच्या सहकाराचे काय झाले हे आम्हाला कोणी सांगू नये. पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसलेले म्हातारे आम्ही पाहिले आहेत. पण त्या मोडलेल्या सहकाराच्याही मुळाशी एक वाक्य आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातील कलम २७ म्हणते की सभासदाचे भाग कितीही असोत, त्याला मत एकच. संचालकांनी ते वाक्य पायदळी तुडवले असेल. पण तुडवले असे म्हणता येते, कारण ते तिथे आहे. स्टीमच्या घटनेत तुडवायला असे वाक्यच नव्हते. मार्च २०२० मध्ये जे झाले ते नियमभंगाने झाले नाही, नियमाने झाले.

त्यानंतरचे बंडही पाहण्यासारखे आहे. २० मार्च २०२० रोजी नाराज मंडळींनी खातेवहीची नक्कल करून ‘हाइव्ह’ नावाचे वेगळे जाळे काढले. काहींनी याची तुलना आमच्या विद्रोही साहित्य संमेलनाशी केलेली आम्ही ऐकली आहे. २०२४ मध्ये अमळनेरातच, अखिल भारतीय संमेलनाच्या वेळीच, विद्रोहीही भरले होते, म्हणून ही तुलना तपासून पाहावीशी वाटली. विद्रोहीवाले मांडवाबाहेर पडले ते त्या मांडवातला मान बाहेर ठेवून. हाइव्हवाले बाहेर पडले ते प्रत्येकाची जुनी शिल्लक जशीच्या तशी नव्या वहीत उतरवून. कंपनीचा साठा आणि तिच्या काही पाठीराख्यांची खाती तेवढी वगळली. कालचा देवमासा आजही देवमासा, कालचे प्लँक्टन आजही प्लँक्टन. सातबारा काखेत मारून केलेल्या बंडाला आम्ही वाटणी म्हणतो. कंपनीच्या साठ्याची धास्ती गेली हे खरे, आणि त्या मंडळींचा राग खोटा होता असेही आम्ही म्हणत नाही. पण वजनाने मत मोजण्याविरुद्ध तो राग नव्हता.

नंतर आलेल्यांनी आडपडदाही ठेवला नाही. २०२१ मध्ये बिटक्लाउट निघाले. त्याने ट्विटरवरच्या हजारो प्रसिद्ध माणसांच्या नावांची नाणी त्यांना न विचारता बाजारात मांडली. २०२३ मध्ये फ्रेंड डॉट टेक आले. तिथे एखाद्याशी खासगी गप्पांत बसायचे तर त्याची ‘किल्ली’ विकत घ्यायची, आणि किल्लीचा भाव आधी खपलेल्या किल्ल्यांच्या वर्गाने वाढायचा. पुन्हा वर्गच. वर्षभरात त्याचा बाजार उठला. या दोहोंत लिहिण्याचे सोंगही उरले नव्हते, म्हणून त्यांच्यावर अधिक शाई खर्च करीत नाही.

आता आमच्यावर उलटणारा प्रश्न. ‘तुमच्या साहित्यव्यवहारात तरी वाचकाची दाद कुठे चालते? तिथेही जात, गट, शहर, खुर्ची यांचेच वजन नाही का?’ आहे. नेमाड्यांसारखा सांगवीचा माणूस १९६३ मध्ये ‘कोसला’ घेऊन येतो तेव्हा व्यवस्था त्याच्यासाठी पाट मांडून बसलेली नसते. आणि आम्ही प्राध्यापकांनी तर तोंडच उघडू नये. २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने आमची गुणवत्ता गुणांकात मोजायला घेतली, तेव्हा आम्ही काय केले? पैसे भरून शोधनिबंध छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली उगवली, आणि त्यांत आमचेही निबंध आहेत. आम्ही तिघांनी एकमेकांची नावे सहलेखक म्हणून घातली आहेत. कोणीही न वाचलेल्या त्या पानांवर आमची बढती उभी आहे. २०१८ साली आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढण्याचे जाहीर केले आणि २०२५ मध्ये ती पद्धत सोडूनही दिली. मधल्या काळात त्या यादीत शिरण्याचेही दर ऐकू येत. तेव्हा देवमाशाला मत विकणाऱ्याकडे बोट दाखवताना उरलेली तीन बोटे कुठे वळली आहेत हे आम्हाला दिसते.

पण यातूनच आमचा मुद्दा बळकट होतो असे आम्हाला वाटते. आमचे ते निबंध लबाडी आहेत हे आम्हाला माहीत आहे, शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला माहीत आहे, आणि रागावला तर तो ते बोलून दाखवतो. गुणांक आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढी समज लबाडी करणाऱ्यातही शिल्लक आहे. स्टीमिटचा सिद्धान्त नेमका हा फरक पुसतो. तिथे आकड्यापलीकडे गुण असा काही नाहीच. जे वजन पडले तीच किंमत.

१९०७ साली जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या, जेमतेम सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने तिथे कविता म्हटली, आणि त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. कीर्तिकरांना त्या नावातून पाव हिस्सा मिळाला नाही. नाव चुकीच्या मुलाला दिले असते तर त्यांचेच हसे झाले असते. दाद देणाऱ्याची स्वतःची पत पणाला लागलेली असते ती अशी. ज्याची दाद कधी चुकूच शकत नाही, कारण ती पडताच किंमत होऊन बसते, त्याला वाचण्याची गरज काय?

राहता राहिला तो माजी विद्यार्थी. त्याने अशाच जातकुळीतल्या एका जाळ्यावर (ते कोणते, हे सांगण्याचे कारण नाही) मराठीतून एक ललितलेख लिहिला होता, यावल तालुक्यातल्या आजोबांच्या केळीच्या बागेवर. शंभराहून अधिक मते पडली होती. मिळालेले चलन रुपयांत बदलले तर दोन कप चहा झाला असता. त्यातही २०२२ पासून फायद्यावर तीस टक्के कर. खाली ‘छान लेख’ असे इंग्रजीतून सतरा जणांनी लिहिले होते. त्यांतले किती जण मराठी वाचू शकत होते याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आम्ही त्याला लेखाची छापील प्रत घेऊन वर्गावर बोलावले. त्याने तो दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर वाचला. लेख बरा होता. आजोबा पहाटे घडांवर हात फिरवत बागेतून चालतात तो भाग तर चांगलाच होता. वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरची रावेरकडची एक मुलगी उठून म्हणाली, “दादा, तुम्ही दोनदा ‘कांदेबाग’ लिहिलं आहे. पण आजोबांनी लागवड आषाढात केली म्हणता. आषाढातली ती मृगबाग. कांदेबाग दसऱ्याच्या सुमाराला लागते.”

त्याने खिशातून पेन काढले आणि दोन्ही ठिकाणी शब्द बदलला.